मेजावरील हॉकी

हिवाळा हा सर्व देशांत सारखा नसतो. महाराष्ट्रात हिवाळा म्हणजे मोकळ्या हवेत हिंडण्याफिरण्याचा आणि खेळण्याबागडण्याचा काळ. परंतु कॅनडा, स्वीडन, फिनलंड यांसारख्या उत्तरेकडील देशांत हिवाळा आला की नद्या व सरोवरे गोठून जातात, शेते आणि रस्ते बर्फाखाली दडतात, आणि दुपार सरते न सरते तोच अंधार पडू लागतो. तेथील माणसांनी मात्र या कडक थंडीपुढे हात टेकले नाहीत. त्यांनी गोठलेल्या तळ्यांनाच आपले क्रीडांगण बनवले; आणि घराबाहेर पाऊल टाकणेही जेव्हा कठीण होई, तेव्हा ते क्रीडांगण जणू उचलून त्यांनी घरातील मेजावर आणून ठेवले. मेजावर मांडलेल्या त्या चिमुकल्या क्रीडांगणातून एक नवा खेळ उदयास आला. त्याचे नाव 'टेबल हॉकी', म्हणजेच मेजावरील हॉकी.

हा खेळ समजण्यासाठी तो ज्या खेळाची प्रतिकृती आहे, त्या खेळाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवेगार मैदान, वाकड्या टोकाची काठी, पांढरा चेंडू आणि ध्यानचंदांसारखे किमयागार खेळाडू उभे राहतात. कॅनडातील मुलांच्या डोळ्यांपुढे मात्र 'हॉकी' या शब्दासरशी चकचकीत बर्फाचे रिंगण उभे राहते. हा खेळ बर्फावर खेळतात. खेळाडूंच्या बुटांच्या तळव्यांना पोलादी पाती बसवलेली असतात व त्यांच्या योगाने खेळाडू बर्फावरून वाऱ्याच्या वेगाने घसरत जातात. येथे चेंडू नसतो. त्याच्या जागी टणक रबराची काळी चकती असते. तिला 'पक' असे म्हणतात. ही चकती सुमारे साडेसात सेंटिमीटर रुंद व अडीच सेंटिमीटर जाड असते. प्रत्येक संघाचे सहा खेळाडू एका वेळी रिंगणात उतरतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू, एक मधला आघाडीवीर आणि डाव्या व उजव्या बगलेवरील दोन आघाडीवीर.

या खेळाची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले असे की, रिंगणाभोवती फळ्यांची भिंत असते. त्यामुळे चकती सहसा बाहेर जात नाही. ती भिंतीवर आपटून पुन्हा खेळात येते. दुसरे असे की, गोलाचा सांगाडा रिंगणाच्या अगदी कडेला नसून थोडा आत असतो. त्यामुळे खेळाडूला गोलाच्या मागील बाजूनेही जाता येते. बंद छपराखाली, ठरावीक नियमांनी झालेला बर्फावरील हॉकीचा पहिला सामना ३ मार्च १८७५ रोजी कॅनडातील माँट्रिऑल शहरात झाला, असे मानले जाते. पुढे हा खेळ कॅनडाच्या घराघरांत पोहोचला. आपल्या देशातही लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ हौसेने खेळला जातो.

आता मेजावरील खेळाच्या जन्माची हकिकत पाहू. १९२९ साली अमेरिकेत मोठी आर्थिक आपत्ती ओढवली आणि तिची झळ थोड्याच काळात जगातील बहुतेक देशांना पोहोचली. कारखाने बंद पडले, धान्याचे भाव कोसळले, हातांना काम मिळेनासे झाले. कॅनडात १९३३ च्या सुमारास दर दहा कामकऱ्यांपैकी जवळजवळ तिघेजण बेकार होते. अशा काळात मुलांसाठी खेळणी विकत आणणे ही अनेक घरांच्या ऐपतीबाहेरची गोष्ट होती.

तथापि पैशांची चणचण असली, तरी खेळाची आवड काही कमी झालेली नव्हती. कॅनडातील टोरांटो शहरात १९३१ साली 'मेपल लीफ गार्डन्स' हे बर्फावरील हॉकीचे भव्य क्रीडागृह उभे राहिले होते. तेथील सामन्यांचे धावते वर्णन शनिवारी रात्री आकाशवाणीवरून प्रसृत होई आणि दूरदूरच्या गावांतील कुटुंबे चुलीभोवती बसून ते कान देऊन ऐकत. खेळ ऐकायला मिळे; पण तो घरात खेळायला कसा मिळणार?

या प्रश्नाचे उत्तर त्याच टोरांटो शहरातील डोनाल्ड मन्रो नावाच्या गृहस्थाने शोधून काढले. १९३२ च्या हिवाळ्यात नाताळचा सण जवळ येत होता. मुलांना भेट द्यायची तर हाती पैसा नव्हता. तेव्हा मन्रोने घरातील व आसपासच्या टाकाऊ वस्तू गोळा केल्या. लाकडाचे तुकडे, कपडे अडकवण्याच्या तारा, सुतळी, जुन्या घड्याळातील स्प्रिंगा असे साहित्य जमवून त्याने एक लाकडी पेटी तयार केली. पेटीच्या तळावर हॉकीचे रिंगण होते व बाहेरून हलवता येतील असे तारेचे खेळाडू होते. या पहिल्या खेळात चकतीऐवजी गोळी वापरीत. रिंगणाचा मध्यभाग किंचित उंच असून दोन्ही बाजूंना उतार होता. त्यामुळे गोळी मध्येच अडून न राहता कोणत्या ना कोणत्या गोलाकडे घरंगळत जाई. यांत्रिक साधने हाताशी नसताना केवळ उताराचा उपयोग करून खेळ चालता ठेवण्याची ही युक्ती साधी, पण मोठी मार्मिक होती.

मुलांना खेळ आवडला, हे सांगावयास नकोच. मन्रोने असाच एक खेळ शहरातील 'ईटन' या मोठ्या दुकानात विक्रीसाठी नेऊन ठेवला. तो लगेच विकला गेला आणि दुकानाने आणखी खेळांची मागणी केली. पाहता पाहता त्या घरगुती खटाटोपाचे रूपांतर उद्योगात झाले. पुढील अनेक वर्षे मन्रोच्या नावाचे हॉकीचे खेळ कॅनडातील मुलांच्या हाती पडत राहिले. गरजेपोटी माणसाची बुद्धी कशी जागी होते, याचे हे एक बोलके उदाहरण होय.

१९५० नंतरच्या दशकात या खेळाचे रूप पालटले. उताराचे रिंगण जाऊन सपाट रिंगण आले. गोळीच्या जागी खरोखरीच्या हॉकीतील चकतीसारखी लहान चकती आली. रिंगणात लांब खाचा पाडून त्यांतून पत्र्याचे रंगीत खेळाडू मागेपुढे सरकतील व गरगर फिरतीलही, अशी योजना करण्यात आली. माँट्रिऑल येथील 'ईगल टॉइज' या कंपनीने असे खेळ मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. त्या पत्र्याच्या खेळाडूंवर नामांकित संघांचे गणवेश रंगवलेले असत. त्यामुळे आपापल्या आवडत्या संघाच्या बाजूने खेळण्याची हौस मुलांना घरबसल्या भागवता येई. त्याच सुमारास अटलांटिक महासागरापलीकडे स्वीडनमध्येही मेजावरील हॉकीचे खेळ लोकप्रिय होत होते. तेथील 'स्टिगा' या कंपनीचा खेळ हळूहळू युरोपभर पसरला आणि पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी तोच मान्य झाला.

आजच्या स्पर्धांत वापरला जाणारा हा खेळ दिसतो तरी कसा? एक मीटरहून किंचित कमी लांब व अर्धा मीटर रुंद अशी ती एक उथळ पेटी असते. खरे रिंगण साठ मीटर लांब असते, तर हे रिंगण दोन्ही हात पसरले की कवेत येते. त्याचे कोपरे गोलाकार असतात आणि भोवती बुटकी भिंत असते. रिंगणाचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे चकती त्यावरून बर्फावरच्याप्रमाणेच सरसर घसरते. दोन्ही टोकांना जाळीचे लहान गोल असतात. पेटीच्या प्रत्येक टोकाकडून सहा लोखंडी दांड्या बाहेर आलेल्या असतात व प्रत्येक दांडीच्या शेवटी मूठ असते. एका दांडीला एक खेळाडू, याप्रमाणे सहा दांड्यांनी सहा खेळाडू चालवावयाचे असतात.

दांडी आत ढकलली की खेळाडू आपल्या खाचेतून पुढे जातो. ओढली की मागे येतो. मूठ पिरगळली की खेळाडू जागच्या जागी फिरतो व हातातील काठीने चकतीला टोला देतो. येथे एक प्रश्न सहज मनात येतो. दांडी आडवी आणि खेळाडू उभा. मग आडव्या दांडीची पिरगळ उभ्या खेळाडूला फिरवते कशी? याचे रहस्य रिंगणाखाली दडलेल्या दातेरी चक्रांत आहे. दांडीबरोबर फिरणाऱ्या चक्राचे दाते खेळाडूच्या पायाखालील चक्राच्या दात्यांत अडकलेले असतात. एक चक्र फिरले की दुसऱ्याला फिरावेच लागते, आणि अशा रीतीने आडवी गती उभ्या आसाभोवतीच्या गतीत बदलते. सुताराच्या हातातील चाकाचे गिरमिट पाहिले, तर हीच गंमत दिसून येईल. तेथे बाजूचे चाक हाताने फिरवले की गिरमिटाचे टोक दुसऱ्याच दिशेने गरगर फिरू लागते.

प्रत्येक खेळाडूची खाच निराळी असते. गोलरक्षक गोलासमोर डावीउजवीकडे सरकतो. बचावपटू आपल्या बाजूला राहून हल्ला थोपवतात. मधला आघाडीवीर रिंगणाच्या मध्यभागातून प्रतिपक्षाच्या गोलावर चाल करून जातो. बगलेचे आघाडीवीर भिंतीलगत लांबवर धावतात. त्यांतही डाव्या बगलेची खाच प्रतिपक्षाच्या गोलामागून वळसा घेत जाते. कोणताही खेळाडू आपली खाच सोडून जाऊ शकत नाही. खऱ्या रिंगणातील खेळाडू वाटेल तिकडे धावू शकतो. मेजावरील खेळाडूची वाट मात्र आखून दिलेली असते. म्हणूनच एकटा खेळाडू कितीही चपळ असला, तरी तो सामना जिंकू शकत नाही. चकती एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे दिली, तरच ती गोलापर्यंत पोहोचते. एकमेकांच्या सहकार्यावाचून या खेळात गती नाही, हे त्याच्या रचनेतच ठरून गेले आहे.

खेळाची खरी कसोटी येथेच सुरू होते. दांड्या सहा आणि हात दोन! एका वेळी दोनच दांड्या धरता येतात. उरलेल्या चार खेळाडूंना तेवढ्या क्षणापुरते वाऱ्यावर सोडावे लागते. कोणती दांडी सोडायची आणि कोणती धरायची, हा निर्णय डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घ्यावा लागतो. नवखा खेळाडू चकतीच्या मागे धावत राहतो. चकती जेथे आहे तेथील मूठ तो घाईघाईने पकडतो. पण तोवर चकती दुसरीकडे गेलेली असते. कसलेला खेळाडू चकती जेथे जाणार आहे, तेथील मूठ आधीच धरून बसतो. तो हातांनी जितका खेळतो, तितकाच डोळ्यांनी व बुद्धीनेही खेळतो.

चकतीच्या वाटचालीत भूमितीही डोकावते. चकती भिंतीवर ज्या कोनाने आपटते, साधारण त्याच कोनाने ती परत फिरते. कॅरम खेळणाऱ्या मुलांना हा नियम पुस्तकात वाचण्यापूर्वीच बोटांनी ठाऊक झालेला असतो. मेजावरील हॉकीतही तो पदोपदी उपयोगी पडतो. सरळ वाट प्रतिपक्षाच्या बचावपटूने अडवली असेल, तर कुशल खेळाडू चकती भिंतीवर मारून वळणाच्या वाटेने आपल्या सहकाऱ्याकडे पोहोचवतो. त्याचप्रमाणे टोल्याचा जोरही मोजून वापरावा लागतो. चकती सहकाऱ्याकडे द्यावयाची तर मूठ हलकेच पिरगळायची, आणि गोलावर मारावयाची तर मनगटाला जोराचा झटका द्यायचा. अंगठा व बोटे यांच्या एवढ्याशा हालचालीत हा सारा विवेक साठवलेला असतो. तो एका दिवसात येत नाही. नामांकित खेळाडू एकच डाव शेकडो वेळा घोटवतात; तेव्हा कुठे तो सामन्याच्या धांदलीत अचूक वठतो.

स्पर्धेतील सामना अवघा पाच मिनिटांचा असतो. घड्याळ एकदा सुरू झाले की ते मध्ये थांबत नाही. गोल झाला, चकती बाहेर उडाली, तरी वेळ पुढे सरकतच असतो. आरंभी, आणि प्रत्येक गोलानंतर, चकती रिंगणाच्या मध्यबिंदूवर सोडतात व दोन्ही बाजूंचे मधले आघाडीवीर तिच्यासाठी झुंजतात. चकती सोडण्यापूर्वी समोरचा खेळाडू तयार आहे की नाही, हे पाहणे सभ्यतेचे मानले जाते. पाच मिनिटे संपताच ज्याचे गोल अधिक, तो विजयी. जेथे निर्णय लागणे अवश्यच असते, अशा सामन्यात बरोबरी झाली, तर खेळ पुढे चालू ठेवतात आणि जो पहिला गोल करील त्याला विजयी ठरवतात.

या खेळाचे नियम थोडे आहेत, पण प्रत्येकामागे काही विचार आहे. चकती मध्यभागी सोडल्यानंतर पहिल्या तीन सेकंदांत झालेला गोल धरला जात नाही. असे नसते, तर पहिल्याच झटापटीत नशिबाने उडालेल्या चकतीने सामन्याचा निकाल लागला असता. कौशल्याला अवसर मिळावा, म्हणून ही तीन सेकंदांची अट आहे. दुसरा नियम असा की, चकती आपल्याच ताब्यात दाबून ठेवून वेळ काढता येत नाही. पाच सेकंदांच्या आत ती दुसऱ्याकडे द्यावी लागते किंवा गोलावर मारावी लागते. आघाडी मिळाल्यावर खेळच थांबवून ठेवणे, हा विजय नव्हे, अशी यामागील भावना आहे. तिसरा नियम गोलासंबंधी आहे. चकती गोलात जाऊन आतच राहिली पाहिजे. आत शिरून पुन्हा उसळी मारून बाहेर आली, तर तो गोल होत नाही. चौथा नियम, पेटी हलवून किंवा तिला धक्का देऊन गोल करता येत नाही. जे काही करावयाचे ते दांड्यांनी केले पाहिजे.

हे नियम वाचल्यावर एक शंका येणे साहजिक आहे. तीन सेकंद झाले की नाहीत, पेटीला धक्का लागला की नाही, चकती क्षणभर आत राहिली की लगेच बाहेर आली, हे सारे पाहणार कोण? फुटबॉलला पंच असतो, क्रिकेटला पंच असतात. मेजावरील हॉकीच्या मोठ्या स्पर्धेत मात्र एकाच दालनात अनेक मेजांवर एकाच वेळी सामने चाललेले असतात. प्रत्येक मेजापाशी पंच उभा करणे शक्य नसते. म्हणून सामान्यतः सामना पंचावाचून खेळला जातो. दोघे खेळाडू हेच खेळाडू आणि तेच पंच! वाद मिटेनासा झाला, तरच पंचाला बोलावतात. सामना संपला की निकालही खेळाडूच कळवतात.

हीच या खेळाची सर्वांत अवघड बाजू आहे, आणि हेच त्याचे भूषणही आहे. समजा, सामन्याची शेवटची काही सेकंदे उरली आहेत. दोघांचे गोल सारखे आहेत. चकती मध्यभागी सोडली जाते आणि क्षणार्धात ती गोलात जाऊन बसते. प्रतिपक्षाचे लक्ष गोलरक्षकाच्या मुठीकडे होते. त्याला वेळेचे भान राहिलेले नाही. परंतु टोला मारणाऱ्याला मनोमन ठाऊक आहे, की तीन सेकंद अजून पुरे झालेले नव्हते. तो गप्प राहिला, तर विजय त्याचाच. त्याला कोणी पकडणार नाही, कोणी शिक्षा करणार नाही. अशा वेळी "हा गोल धरू नये," असे जो स्वतः होऊन सांगतो, तोच खरा खेळाडू. कदाचित तो सामना हरेल. पण ज्याच्या हाती न्याय सोपवला होता, त्याने न्याय केला, एवढे समाधान त्याच्यापाशी उरेल. उलट लबाडीने मिळवलेला विजय फळ्यावर लिहिला जातो खरा. पण तो ज्याचा त्याला मात्र पोकळच वाटतो.

पंचाच्या भीतीने नियम पाळणे सोपे असते. कोणी पाहत नसताना तो पाळणे, ही निराळी गोष्ट आहे. मेजावरील हॉकीत खेळाडूला दर पाच मिनिटांनी या परीक्षेला बसावे लागते. दिवसभरात अनेक प्रतिस्पर्ध्यांशी गाठ पडत असल्यामुळे खोटेपणा फार काळ लपतही नाही. एकदा का एखाद्याच्या शब्दावरील विश्वास उडाला, की त्याच्याशी खेळण्यात कोणालाच गोडी वाटत नाही. शेकडो खेळाडू एका छपराखाली पंचावाचून खेळू शकतात, ते याच परस्परविश्वासाच्या बळावर.

घरगुती करमणुकीला स्पर्धेचे रूप देण्यात स्वीडनचा वाटा मोठा आहे. तेथे १९८२ साली या खेळाची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९८९ साली स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोम येथे, पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. त्यानंतर ही स्पर्धा सामान्यतः दोन वर्षांतून एकदा निरनिराळ्या देशांत भरू लागली. २००५ साली लॅटव्हिया देशातील रिगा या शहरी आंतरराष्ट्रीय टेबल हॉकी महासंघाची स्थापना झाली. नियम सर्वत्र एकसारखे राखणे, स्पर्धांना मान्यता देणे व खेळाडूंची जागतिक क्रमवारी ठेवणे, ही कामे हा महासंघ करतो. स्वीडन, फिनलंड, नॉर्वे, रशिया, लॅटव्हिया, एस्टोनिया, युक्रेन, चेक प्रजासत्ताक अशा अनेक देशांत या खेळाचे नामवंत खेळाडू निर्माण झाले आहेत. ज्या कॅनडात मन्रोची पेटी जन्मली, तेथे आणि अमेरिकेतही त्याचे चाहते आहेत. मात्र तेथील काही मंडळे आजही जुन्या धाटणीच्या खेळांवर आपल्या स्पर्धा भरवतात.

मोठ्या स्पर्धेत प्रथम खेळाडूंचे गट पाडले जातात. गटातील प्रत्येकाशी एकेक सामना खेळावा लागतो. त्यांतून निवडलेले खेळाडू बाद फेरीत जातात. तेथे एका सामन्यावर भवितव्य ठरत नाही. त्याच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ अनेक सामने खेळून अधिक सामने जिंकणारा पुढे जातो. पाच मिनिटांच्या एका सामन्यात दैव एखाद्याला हात देऊ शकते. परंतु ओळीने पाच-सहा सामन्यांत दैव साथ देत नाही, तेथे सरावच कामी येतो. स्त्रिया, मुले व प्रौढ यांच्यासाठी स्वतंत्र विभागही असतात. तथापि मुख्य विभाग सर्वांना खुला असतो. त्यामुळे एकाच मेजाच्या एका टोकाला शाळकरी मुलगी आणि दुसऱ्या टोकाला तिच्या आजोबांच्या वयाचा गृहस्थ, असे दृश्य येथे पाहावयास मिळू शकते. उंची, वजन व बाहुबळ यांना येथे फारसे महत्त्व नाही. दांडी पिरगळण्यापुरते बळ लहान मुलाच्या मनगटातही असते. बाकी सारे अवधान, चपळता आणि सराव यांवर अवलंबून असते.

स्पर्धेत न उतरणाऱ्यांनाही या खेळाचा छंद जडतो. काहीजण मित्रांचे लहान मंडळ स्थापून वर्षभर आपली साखळी स्पर्धा चालवतात आणि प्रत्येक सामन्याची नोंद वहीत नीटनेटकी करून ठेवतात. काहीजण खेळाडूंच्या चिमुकल्या आकृतींवर बारीक कुंचल्याने आपल्या संघाचे गणवेश रंगवतात. काहींना जुने खेळ जमवण्याची आवड असते. माळ्यावर धूळ खात पडलेली एखादी जुनी पेटी मिळाली, तर ते तिच्या वाकलेल्या दांड्या सरळ करतात, गंजलेली चक्रे साफ करतात, मोडलेला पत्र्याचा खेळाडू पुन्हा उभा करतात. या उद्योगातून यंत्राच्या पोटात काय चालते, हे आपोआप कळते. खेळण्याची निगा राखणे हाही खेळाचाच एक भाग आहे. रिंगणावर धूळ साचली तर चकती अडखळते, आणि दांडी वाकली तर कसबी हातही लुळा पडतो.

मन्रोने १९३२ साली बनवलेली पेटी आणि आज जागतिक स्पर्धेत मांडली जाणारी पेटी, यांत पुष्कळ फरक पडला आहे. गोळी गेली, चकती आली. उतार गेला, सपाट रिंगण आले. घड्याळाच्या स्प्रिंगा गेल्या आणि दातेरी चक्रे आली. परंतु या खेळाला मोठेपणा मिळाला तो सुबक साहित्यामुळे नव्हे. टाकाऊ लाकडातून मुलांचा आनंद घडवणाऱ्या हातांमुळे तो जन्माला आला, एकच डाव शेकडो वेळा घोटवणाऱ्या हातांमुळे तो वाढला, आणि आपलाच खोटा गोल आपणहून नाकारणाऱ्या हातांमुळे तो टिकून आहे. रिंगण साठ मीटरांचे असो वा मेजाएवढे असो, खेळाची थोरवी खेळणाराच ठरवीत असतो.